आईच्या अक्षराची स्क्रीन

बुधवार, संध्याकाळ. लालबाग.

नव्या लेझर मशीनवर चाचणीसाठी छपाईची जुनी स्क्रीन, म्हणजे जाळी ताणलेली फ्रेम, हवी होती. दुकानाच्या माळ्यावरची एक काढली, केमिकल लावून जाळी घासून धुतली, काळा रंग चढवला. लेझरने रंग जाळून एका जिमचं नाव कोरलं. पूर्वीसारखी फिल्म नको, उन्हात ठेवणं नको. मी खूश.

मग बाबा आले आणि त्यांनी फ्रेम ओळखली. तिच्यावरची, मी धुऊन टाकलेली ओळ आईच्या हातची होती, 'लग्नाला यायचं हं'. आम्ही छापलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत खाली, लहान मुलांच्या नावांच्या वर, तीच ओळ जायची. त्यातलं 'हं' आई मोठं काढायची. ती जाऊन तीन वर्षं झाली.

जुनी पत्रिका दुकानभर शोधली. एकही नाही. दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका कोण ठेवतं?

एकदा विचारायला काय झालं होतं मला?

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "असू दे गं. तुझ्या पत्रिकेसाठी ठेवली होती."

ते घरी गेल्यावर जाळी ट्यूबलाइटसमोर धरून कितीदा पाहिली. जिमचं नाव लख्ख दिसतं. 'हं' कुठेच नाही.