डुलक्या उठला तेव्हा

क्लीव्हलंड,
मंगळवार

प्रिय डेल्मर,

शनिवारी फोनवर मी 'सिनेमा छान झालाय' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. तू म्हणाला असशील, आईला झालंय तरी काय, एरवी तासभर बडबडते आणि पोराच्या सिनेमावर दोन शब्द नाहीत! बाळा, माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. अजूनही डोकं सुन्न आहे. फोन बैठकीत आणि तिथं तुझे बाबा बसलेले, म्हणून स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. दुपारच्या खेळाला निम्मं चर्च लोटलं होतं. सिस्टर ओझेला ती पिसांची टोपी घालून पुढच्या रांगेत बसली, तर मागच्यांनी आरडाओरडा करून टोपी काढायला लावली. अलाबामा सोडून इतकी वर्षं झाली, पण थिएटरात शिरले की माझे पाय अजून काळ्यांसाठीच्या बाल्कनीच्या जिन्याकडेच वळतात. तुझे बाबा म्हणाले, "अगं ए, इकडे! आज खाली बसायचं, तेही मधोमध. सिनेमा आपल्या पोराचा आहे." पडद्यावर तुझं नाव आलं आणि मी चष्मा काढेपर्यंत गेलंसुद्धा. लिहिणाऱ्याचं नाव इतकं बारीक घालतात होय? तुझ्या त्या साहेबांना जरा विचार.

आणि मग काय हशा रे! बाबांच्या रोव्हर्स या बेसबॉल संघाची ती खडखडणारी बस, उलटी पँट घालून पळणारा तो गडी, गोऱ्यांच्या गावात चेंडूच न घेता खेळलेला खोटा डाव आणि चेंडू दिसला म्हणून शपथ घेणारे प्रेक्षक. सगळ्या बाबांच्याच गोष्टी. रविवारच्या जेवणानंतर पीच कॉबलर खाता खाता त्यांनी तुम्हा मुलांना सांगितलेल्या. सगळ्यांत आधी तेच हसत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत होते, "हे खरं आहे बरं का! मीच होतो तो!"

मग ती शवपेटीची गोष्ट आली. ती तर मलाही पाठ होती. कुठलंच हॉटेल आपल्या माणसांना खोली देईना, म्हणून संघ मिसिसिपीतल्या एका गावात आपल्यातल्याच एकाच्या शवपेट्यांच्या दुकानात मुक्कामाला उतरला. लुशियस टार्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डुलक्या, कुठंही पडला की घोरायचा. तो साटिनच्या अस्तराच्या पेटीत झोपला. सकाळी बस सुरू झाली तरी उठेना. संघाच्या मॅनेजरनं पेटीवर थापा मारल्या, बाबांनी तळपायाला गुदगुल्या केल्या. शेवटी मॅनेजर म्हणाला, "राहू दे, या गड्याला एकदाची मनासारखी खोली मिळालीय." बाबा गोष्ट नेहमी एकाच वाक्यानं संपवायचे, "माझ्या माहितीप्रमाणे तो अजून तिथंच झोपलाय." आणि आपण पोट धरधरून हसायचो. मी लग्नाच्या जेवणात पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसून हसून मला ठसका लागला होता.

तू शेवट बदललास. तुझ्या सिनेमात गोरा शेरीफ दुकान तपासायला येतो, झाकण उघडतो आणि डुलक्या जांभई देत उठून बसतो. शेरीफ खिडकीतून उडी मारून पळतो. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मीही हसत होते. तेवढ्यात तुझे बाबा ताडकन उभे राहिले. दोन्ही हात पडद्याकडे करून एवढ्या मोठ्यानं ओरडले, "डुलक्या! अरे डुलक्या!" लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोट धरून त्यांना खाली ओढलं, तर गाल ओले. मला वाटलं झटकाच आला.

घरी आल्यावर त्यांना याच टेबलाशी बसवलं, कॉफी दिली आणि विचारलं, "लोन्झो, डॉक्टरांना बोलवू का?" ते म्हणाले, "त्याचा पाय गार होता गं." मला काही कळेना. "कुणाचा?" तर म्हणाले, "गुदगुल्या केल्या तेव्हा. मला वाटलं सोंग करतोय. तो नेहमीच सोंग करायचा ना!" मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी डावाच्या मध्येच डुलक्याचं पोट दुखायला लागलं होतं. ताप चढला. गावच्या दवाखान्यात नेलं, तर पायरीवरूनच परत पाठवलं. काळ्यांसाठी खाट नाही म्हणाले. दुकानात आणलं, पण जमिनीवर त्याला पाठ टेकवेना. तोच म्हणाला, "मला त्या मऊ पेटीत घाला रे, आज जरा ऐटीत झोपतो." सगळे हसले. बाबा त्याच्या उशाशी बसले होते, बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला. आणि सकाळी बस सुरू झाली.

डेल्मर, एवढा संसार केला या माणसाबरोबर, आणि मला पत्ता नव्हता. ते तुमच्याशी खोटंही बोलले नव्हते रे. तो तिथंच झोपलाय, हे खरंच होतं. दुकानवाल्यानं मागच्या अंगाला त्याला पुरलं आणि संघ पुढच्या गावी खेळायला गेला. मी चिडून विचारलं, "असल्या गोष्टीवर पोरांना हसवत होतास?" तर म्हणाले, "हसवली नसती तर मला सांगताच आली नसती. आणि त्याचं नाव कुणी घेतलंच नसतं."

सगळ्यांत मोठा धक्का मात्र त्याच्या पुढचा. डुलक्याची आई हृदयाची दुखणाईत होती, म्हणून मॅनेजरनं घरी कळवलं की तो मेक्सिकोला खेळायला गेला. तेव्हा बरीच पोरं जात असत. आई गेली, मॅनेजर गेला, आणि ते तसंच राहिलं. बर्मिंगहॅमची व्हेल्मा टार्व्हर, दर नाताळात आपल्याला पेकनचा केक पाठवते ती व्हेल्मामावशी, ती त्याची बहीण. प्रत्येक कार्डावर ती विचारते, "आमच्या मेक्सिकन साहेबांचं काही कळलं का?" आणि उत्तर मी लिहायचे, माझ्या हातानं, "नाही गं, काही नाही. तिकडं बायकोनं बांधून ठेवलं असेल." मी गंमत करायचे, डेल्मर!

काल तिचा फोन आला. नुसती उड्या मारत होती. सिनेमा पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला लागतोय, त्यात आपल्या भावाचं नाव आहे असं तिला कुणीतरी सांगितलंय. म्हणाली, "अख्खं चर्च घेऊन जाणार आहे मी! कुणी सांगावं, मेक्सिकोतही लागेल, तो बघेल आणि लाजेल तरी!" मी फोन बाबांच्या हातात दिला. ते नुसतं "हो व्हेल्मा, हो" म्हणत राहिले. ठेवल्यावर म्हणाले, "तिनं थिएटरात बसायच्या आत मी तिच्या दारात असायला हवा."

म्हणून हे पत्र. बाबांच्या डोळ्यांना आता रस्ता नीट दिसत नाही, एकट्याला मी पाठवणार नाही, आणि त्यांना नुसता गाडी चालवणारा नकोय, तू हवा आहेस. तू रागावशील, यापुढे त्यांच्या गोष्टींना हसणार नाहीस, अशी त्यांना धास्ती आहे. बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं. सिनेमातला एक तुकडाही बदलू नको, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. काल दुपारी ते पुन्हा एकटेच पायी जाऊन तो बघून आले, डुलक्या उठून बसतो तेवढा एक प्रसंग झाल्यावर उठून आले. व्हेल्माला जे घडलं ते मीच सांगणार, म्हणतात, त्यात पोराला ओढायचं नाही. "पण ती विचारेल, तो मेला तर सिनेमात उठून बसतो कसा? ते मला सांगता येणार नाही. ते डेल्मरनं सांगायचं." तू काय सांगशील ते मलाही माहीत नाही, बाळा. पण लवकर निघ.

तुझीच,
आई