काळ्या भिंतीचे किल्लेदार

३ जानेवारी १९८८, रविवार.
नव्या वर्षाचा संकल्प: रोज लिहिणे. (पहिले दोन दिवस सर्दी.) दुसरा संकल्प मोठा. गावामागे शेतांमधून मैलभर सरळ गेलेली काळी दगडी भिंत हा आमच्या पूर्वजांचा किल्ला आहे, हे जगासमोर आणायचे. गावाने आजवर तिच्यावर गोवऱ्या थापल्या. अडाणी लोक!

५ जानेवारी, सकाळी.
पाहणी केली. दगड आडवे, एकावर एक, सरपणाच्या मोळीसारखे रचलेले. चुना कुठेच नाही. म्हणजे कारागीर अव्वल. दरवाजा सापडत नाही. शत्रूला सापडू नये हाच हेतू. पुढे नाल्याशी भिंत एकदम संपते. सौ. म्हणाली, काम अर्धवट सोडायची रीत तुमच्या घराण्यात जुनीच दिसते. हिला इतिहासात गती नाही.
पायात काटा रुतला. उरलेली पाहणी उद्या.

६ जानेवारी.
पाहणी उद्या.

८ जानेवारी.
हेडमास्तर मोतीलालभाऊंनी सर्वांदेखत विचारले, चौथीचा 'खडक कसे बदलतात' हा पाठ अजून का झाला नाही? म्हटले, दगड काल होता, आज आहे, उद्याही राहील. त्यात शिकवायचे काय? त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. बहुधा माझे वाक्य.

११ जानेवारी.
दोंडाईच्याला गेलो. मिरचीचे व्यापारी जीवराम आबा भेटले. त्यांचा मुलगा पाटबंधारे खात्यात, निर्व्यसनी. आमच्या विमलसाठी विषय काढला. दोन स्थळे परत गेली आहेत. 'साधा मास्तर' म्हणून लोक नाक मुरडतात. तेव्हा या वेळी सांगूनच टाकले की आम्ही मूळचे किल्लेदार. आबा "अस्सं?" म्हणाले. दोनदा. छाप पडली.
लग्नपत्रिकेवर नावाआधी 'किल्लेदार' छापायचे. जाड टाइप.

१४ जानेवारी, संक्रांत.
विमल धुळ्याहून आली. डी.एड.चे शेवटचे वर्ष. सराव पाठ म्हणून नेमका तोच खडकांचा पाठ घेणार आहे, आणि उदाहरण म्हणून आपली भिंत! म्हणे जमिनीतल्या भेगेत तापलेला रस वर चढला, थिजून टणक खडक झाला. भोवतालचा मऊ खडक ऊन-पावसाने फुटला, मुरूम झाला, वाहून तापीत गेला. टणक तेवढा उभा राहिला. किती काळ लागला विचारले, तर लाखो वर्षे.
लाखो! इथे शाळेची मंजूर झालेली मुतारी चार वर्षांत उभी राहत नाही.
बजावले, पाहुण्यांपुढे हे बोलायचे नाही. विचारलेच तर 'पूर्वजांनी बांधली'. मान खाली घालून तिळाचे लाडू वळू लागली. पटले.

२० जानेवारी.
पत्र्याची पाटी रंगवून भिंतीवर लावली: 'ऐतिहासिक किल्ला. हात लावू नये.' संध्याकाळी बकऱ्यांनी पाडली. उद्या पक्की करतो.

२३ जानेवारी.
पाटी उद्या.
झोप नाही. हे स्थळ गेले तर पोरीच्या नशिबी काय? पण किल्ला आहे. काळजी नको.

२४ जानेवारी, रविवार.
पाहुणे आले. पोहे, चहा. सौ. नको नको म्हणत असताना सगळ्यांना भिंतीकडे नेले. पूर्वजांच्या पराक्रमाबद्दल अर्धा तास बोललो. जीवराम आबांनी शांतपणे ऐकले आणि मुलीला प्रश्न विचारायची रीत म्हणून विमलला विचारले, बेटा, ही भिंत कोणी बांधली?
मी तिला डोळ्याने खूण केली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, पदर सारखा केला आणि सगळे सांगितले. भेग, रस, मुरूम, तापी. वर म्हणाली की ज्या काळ्या मातीत आपण कापूस घेतो तीही अशीच झिजलेल्या खडकाची. मुलगा तोंड उघडे टाकून ऐकत होता. सौ.ने तर आबांसमोरच विचारले, "आते सांगा, तुमना बापनी बांधी का?"
मला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले.
मग आबा हसले. म्हणाले, "गुरुजी, आमना शेतमा बी अशीच भिंत शे. म्हशी पाठ घासतीस तठे. पोर पसंत शे. किल्ला तुमनाकडेच राहू द्या."
त्यांच्याही शेतात तशीच भिंत आहे, म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होते! तरी 'अस्सं' म्हणाले. व्यापारी माणूस, आतल्या गाठीचा.

३० जानेवारी.
पत्रिकेचा मजकूर सौ.ने दिला. 'श्री. लीलाधर, प्राथमिक शिक्षक.' बारीक टाइप.
मोतीलालभाऊंचा हुकूम: सोमवारी चौथीला खडकांचा पाठ, भिंतीपाशी नेऊन. ते स्वतः मागे बसणार. विमल धुळ्याला गेली, तिचे पाठाचे टाचण मागून ठेवले आहे. अक्षर चांगले आहे, माझ्यावर गेली.
आता वाचले. 'नेहमीचे गैरसमज' असा एक रकाना आहे. त्यात एकच ओळ: भिंत आमच्या पूर्वजांनी बांधली. आणि खाली: असे म्हणणाऱ्याला हसू नये, प्रेमाने समजवावे.