डाव्या बाजूची नळी

उस्ताद, तुम्हाला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसलोय. मराठी तुम्ही बोलायचात, पण वाचता येत नव्हती. हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तसं असतं तर यातलं निम्मं मी लिहिलंच नसतं. लिहायचं निमित्त एवढंच की परवा एक गृहस्थ जुनी मोटार ओढत माझ्या वर्कशॉपात घेऊन आले. आपल्या वेळची, आठ सिलिंडरची, वडिलांच्या कोठारात पडून राहिलेली. रंग, काचा, गाद्या सगळं नवं करणार आहेत. म्हणाले, "मागं दोन नळ्या पाहिजेत मला. दोन्हीकडून धूर, दोन्हीकडून आवाज. जमेल का?" मी म्हटलं, जमेल, चार दिवस लागतील. माझा मुलगा माझ्याकडं बघत राहिला, कारण या वयात मी गाडीखाली शिरत नाही. हे काम मात्र मी स्वतः करणार आहे.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, हातात कसब असलेला. आमचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. पण मी गावातून निघून सोलापूरच्या मिलमध्ये वाफेच्या नळ्या बसवायला लागलो आणि आठ वर्षांत त्यात पक्का झालो. नळी वाकवण्यात या गावात माझ्या हातासारखा हात नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. मिलचा पाळीचा भोंगा नकोसा झाला, म्हणून सात रस्त्याच्या पलीकडं तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. तुम्ही पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवून, दुरुस्त करून परत आलेले. मोटारीचं सगळं तुम्हाला कानानं कळायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव विचारलं आणि ते कधी वापरलं नाही. शेवटपर्यंत मी तुमचा 'मिलवाले'च राहिलो.

डॉक्टरीणबाईंची गाडी आपल्याकडं आली ती एका उन्हाळ्यात. बाई स्वतः गाडी चालवायच्या. मोहोळपासून दुधनीपर्यंत खेड्याखेड्यांतून बाळंतपणाला जायच्या. गाडी नवी, ताकदीची, पण आपल्या उन्हात तिचं पाणी उकळायचं. तुम्ही रेडिएटर उघडून साफ केला, पंख्याचा पट्टा बदलला, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी बाई परत यायच्या. एकदा दुधनीच्या वाटेवर गाडी तासभर उभी राहिली आणि बाई पोचायच्या आत मूल गेलं. बाईंनी ते रडून सांगितलं नाही. शेडच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "मिस्त्री, हळू चालली तरी चालेल. वाटेत उभी राहायला नको."

बाई गेल्यावर मी गाडीखाली शिरलो. त्या इंजिनाचे चार सिलिंडर उजवीकडं, चार डावीकडं. डाव्या चौघांचा जळका धूर इंजिनाच्या पुढून आडवा नेऊन उजवीकडच्या नळीत घुसवलेला, आणि मग आठांचा धूर एकाच नळीतून मागं. मी बाहेर येऊन म्हटलं, "उस्ताद, एका दारातून दोन घरांची माणसं बाहेर पडतायत. गर्दी होणारच. ही आडवी नळी बंद करतो आणि डाव्या बाजूला तिची वेगळी नळी देतो. धूर मोकळा गेला की निम्मी आग कमी होईल. मिलमध्ये आम्ही बॉयलरला हेच करतो."

तुम्ही विडी विझवलीत. "मिलवाले, बॉयलर उभा ऱ्हातो. ही पळते. पळणाऱ्या गाडीचा धूर कुटं जातो ते आधी बघ की, मग करवत लाव."

मी बघितलं नाही. मला ते काम डोळ्यांपुढं पुरं दिसत होतं. भट्टीवर वाळू कोरडी ठणठणीत भाजून घेतली, नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या मारल्या आणि नळी लाल करून वाकवली. वाळूमुळं वाकताना नळी चेपत नाही. मागच्या चाकांचा आस ओलांडणारं वळण असं बसलं की तुम्ही बोटानं चाचपून बघितलंत आणि आपल्या कामाला लागलात. तुमच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ होती. शेवटचा हातभर तुकडा जोडून नळी पार मागच्या बंपरपर्यंत न्यायची होती. पण गाडी सुरू केली आणि तो आवाज ऐकला. उजवीकडून भारी, सायलेन्सरमधून आलेला, आणि डावीकडून उघडा, छातीत घुमणारा. तुकडा जोडला की तो दबला असता; मला तो मोडवेना. नळी आस ओलांडल्यावर मागच्या सीटच्या खालीच सोडून दिली. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, नळी कमी पडली, नंतर जोडतो. तुम्ही तेव्हा दुसऱ्या एका लॉरीच्या कामात होता. मान हलवलीत.

पाणी उकळायचं थांबलं. बाई दोनदा मोहोळपर्यंत जाऊन आल्या आणि खूश होऊन सांगून गेल्या. मी आठवडाभर शेडमध्ये छाती काढून फिरत होतो.

मग एका सकाळी बाई आल्या. साडीवर धूळ, डोळे लाल. आदल्या दिवशी दुपारी एका अडलेल्या पोरीला त्या खेड्यातून सोलापूरला आणत होत्या. पोर आणि तिची सासू मागच्या सीटवर, वारा सुटलेला, धूळ आत येते म्हणून काचा वर केलेल्या. अर्ध्या वाटेवर सासू ओकायला लागली. पोरीची मान कलली, ती हाकेला ओ देईना. "मला वाटलं, तिला बाळंतझटका आलाय. मी गाडी थांबवून सुई भरलीसुद्धा," बाई म्हणाल्या. "मग माझंच डोकं गरगरायला लागलं, तेव्हा लक्षात आलं. धूर आत येतोय. दोघींना ओढून लिंबाखाली झोपवलं. अर्ध्या तासानं पोरीनं डोळे उघडले. काचा खाली करून, धूळ खात आणलं तिला. रात्री मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." मग त्यांनी विचारलं, "ही नळी कुणी बसवली?"

मी एक पाऊल मागं सरलो. तुम्ही हात पुसत पुढं झालात. "काम माझ्या शेडचं आहे बाई. चूक माझी. गाडी ठेवून जा."

बाई टांगा करून गेल्या. मला वाटलं, आता तुम्ही पाना फेकून माराल. तुम्ही म्हणालात, "बस मागं." काचा वर केल्यात आणि गाडी मोहोळच्या रस्त्याला घातलीत. मी मागच्या सीटवर, त्या पोरीच्या जागी. पहिले दोन मैल काही वाटलं नाही. मग पायाखालच्या फळीच्या फटीतून गरम, गोडसर वास यायला लागला. कपाळाच्या आत कुणी ठोकतंय असं झालं. तुम्हीही तीच हवा खात होतात, मान ताठ ठेवून. शेवटी मीच म्हटलं, "उस्ताद, थांबवा."

रस्त्याच्या कडेला उतरलो. मी ओकलो. तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं केलात आणि माझं होईपर्यंत थांबून विचारलंत, "नळी खरंच कमी पडली काय रे?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग आणू की," एवढंच बोललात.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर आलो तर माझ्या टेबलावरच्या व्हाइसमध्ये तो हातभर तुकडा आवळून ठेवलेला. मीच टेबलाखाली पोत्याच्या मागं लपवलेला. घासून, टोकं साफ करून तुम्ही लावला होतात. तुम्ही त्यावर तेव्हाही बोलला नाहीत आणि नंतर कधीच नाही. मी मात्र त्या दिवशी दिवसभर मान वर केली नाही.

मग आपण ते काम पुन्हा केलं, आणि या वेळी मी तुमचं ऐकलं. दोन्ही नळ्या बंपरच्या पलीकडं नेल्या, तोंडं जराशी खाली आणि बाहेर वळवली. डावीकडंही सायलेन्सर घातला. फळ्यांच्या फटी जाड लोकरीच्या नमद्यानं बुजवल्या. तुम्ही कार्ब्युरेटरात थेंब थेंब तेल सोडायला लावलंत, म्हणजे धूर पांढरा होऊन डोळ्यांना दिसेल, आणि मला गाडी चालवायला बसवून स्वतः सायकलवर मागून आलात. पन्नाशी उलटलेला माणूस, लुंगी खोचून, त्या पांढऱ्या धुरात पायडल मारत, कुठं वळतोय, कुठं परत गाडीकडं ओढला जातोय ते बघत. दोनदा नळीचं तोंड आपण पुन्हा वळवलं. तिसऱ्या फेरीला तुम्ही हात वर केलात, "हौ, झालं." मग काचा लावून आपण दोघं मागच्या सीटवर बसलो आणि दुरुस्तीला आलेल्या एका लॉरीचा ड्रायव्हर आपल्याला तासभर फिरवत होता. तुम्ही चक्क झोपलात. मी जागा होतो, वास घेत.

ती गाडी नंतर सहा-सात उन्हाळे चालली. पाणी उकळलं नाही, वाटेत उभी राहिली नाही. मी तुमच्याकडून बाहेर पडलो, माझं वर्कशॉप झालं, माझ्या हाताखाली शिकलेल्यांची वर्कशॉपं झाली. धुराच्या नळीचं काम म्हटलं की अजून पुण्याकडची माणसंही माझ्याकडं पाठवतात. हे मोठेपणासाठी लिहीत नाही, तसं आहे म्हणून लिहितो. माझ्या हातून गेलेल्या गाडीत कुणाचं डोकं दुखलेलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिलीय. बाई सोलापूर कायमचं सोडून चालल्या होत्या तेव्हा शेडवर आल्या होत्या. तुम्ही बाकावर बशीत चहा ओतत होता, मी पुढं उभा. बाई म्हणाल्या, "या गाडीनं माझी किती माणसं वेळेवर पोचवली, त्याचा हिशेब नाही. मागच्या या दोन नळ्या कुणाच्या डोक्यातनं निघाल्या?"

मी म्हटलं, "माझ्या."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "हौ बाई, त्याच्याच."

नळ्या माझ्याच डोक्यातल्या होत्या, त्यात खोटं नव्हतं. पण चूक विचारली तेव्हा तुम्ही पुढं झाला होता. त्या दिवशी शेजारी बसलेल्या तुमच्याकडं नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. हे पत्र कुठं धाडणार नाही, धाडायला पत्ताही नाही. तुम्हाला कदाचित वाटलं असेल, बाईंशी बोलण्याच्या भरात माझ्या ध्यानात आलं नाही. तसं नव्हतं, उस्ताद. ध्यानात होतं. म्हणूनच बोलताना मी तुमच्याकडं बघितलं नाही.