माळाचा वीस वर्षांचा आराखडा, मसुदा सातवा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

गावच्या माळाला सरकारी संरक्षण मिळालं. ६३ हेक्टर ४१ आर. पुढची वीस वर्षं तो कसा सांभाळायचा, याचा आराखडा गावानं द्यायचा आहे. गावानं म्हणजे मी. सरपंच दीपमालाताईंनी "कुणाला जमंल?" असं विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडंच बघत होते. बाकीचे बसलेले होते, मी उभा होतो.

शिक्षण नववी. पण सत्तावीस वर्षं मोटारी रिवाइंड करतोय. तारेचा एक फेरा चुकला की मोटार जळते. माळ त्यापेक्षा अवघड नसावा.

संकल्प: रोज चार पानं. कुणावर चिडायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चिडलो.

प्रकरण ३: वीस वर्षं संपूर्ण चराईबंदी. साखराबाईला समक्ष सांगायला गेलो. तिची एकशेदहा मेंढरं, आणि या माळाशिवाय तिला दुसरं रान नाही. म्हणाली, "मग मेंढरं काय तुमच्या दुकानात बांधू का, अप्पा?" मी शांतपणे शास्त्र समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल शास्त्र. पन येवढं गवत खानार कोन? तुमी?"

तिची सून हसली. सुनेनं हसायचं काही कारण नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. ७.०० ते ८.००

पक्षीगणना.

माझा प्रयोग प्लॉट (एक एकर, वर्षभर तारेच्या आत, एकही मेंढरू शिरलेलं नाही, गवत कमरेएवढं): चंडोल ०, टिटवी ०, धाविक ०.

तारेबाहेर, साखराबाईची मेंढरं चरून गेलेल्या भागात: चंडोल २३, टिटवी ६, धाविक ४.

निष्कर्ष: प्लॉटमधले पक्षी गवतामुळं दिसत नाहीत. बाहेरचे उघड्यावर असल्यानं जास्त वाटतात. हा तक्ता आराखड्यात घालायचा नाही. लोकांना आकडे वाचता येत नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मसुदा पाचवा, १४६ पानं. बायकोनं, रुद्राणीनं, प्रकरण ४ वर हुलगे वाळत घातले. ओरडलो. रुद्राणी म्हणाली, "अवो, मानसानं तर कुनी बघितलं न्हाई, हुलग्यांनी तरी बघू द्या की."

निषेध म्हणून जेवलो नाही. सव्वाआठला जेवलो.

१० डिसेंबर, बुधवार. ११.२५

वनखात्यानं नेमलेल्या पुण्याच्या मॅडमचा फोन. त्या माळ बघणार, त्यांच्या शिफारशीवर सगळं ठरणार. १७, १९ किंवा २२ तारीख म्हणाल्या. मी १९ दिली. मुद्दाम. त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. अख्खं गाव आपापल्या रानात, कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढं आंबील-भज्जी खात बसणार. माळावर माणूस नाही, मेंढरू नाही, टोमणा नाही. मी, मॅडम, चार तास आणि मसुदा सातवा, १८२ पानं.

याला नियोजन म्हणतात.

दीपमालाताई म्हणाल्या, "अप्पा, येळवसच्या दिशी पाव्हण्याला रस्त्यानं तसंच जाऊ देतंय का कुनी?" मी म्हणालो, माझ्याकडं वेळापत्रक आहे. मिनिटांनिशी.

१९ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.२०

वेळापत्रक: ९.३० निघणे, ९.५० माळावर पोच.

प्रत्यक्षात: ९.३६ ला हरिओमच्या रानातून हाक, "अप्पा, पाव्हण्याला उपाशी घिऊन चाललाव का?" मॅडम उतरल्या. तिथंच घात झाला. १०.३० शिवशंकरची कोप. ११.२० आमचीच. रुद्राणी गाडीला आडवी उभी राहिली, आणि स्वतःच्या रानात "नको" कसं म्हणणार? एकूण कोपी सात. मॅडमनी आंबिलीचे अकरा पेले घेतले. मी सात, तेही नाइलाजानं.

माळ गाठला २.१५ ला. काठावरच साखराबाईची कोप. मेंढरंही तिथंच! सणाची सुट्टी मेंढरांना नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्रकरण १ उघडलं. मॅडमनी भाकरी मागितली. मग साखराबाईला विचारलं, पावसाळ्यात मेंढरं कुठं असतात? म्हणाली, "दक्षिणंकडं न्हाई नेत. तिकडं गवताचं बी गळू द्याचं. दिवाळी झाली की मंग तिकडं. आन् एका जाग्याला आठ दिसाच्या वर न्हाई. सासूनं घालून दिलंय, आमी पाळून राहिलो."

मॅडम लिहीत राहिल्या. पावणेदोन तास. आंबिलीचं मडकं कलंडत होतं म्हणून त्याच्याखाली माझा आराखडा सरकवला. मॅडमनीच.

मग माझा प्लॉट बघितला. म्हणाल्या, गवत दाट आहे, पण पक्षी कसे नाहीत? मी म्हणालो, आज अमावास्या आहे.

साखराबाई म्हणाली, "हाव, जेवाय गेले आसतील."

२६ डिसेंबर, शुक्रवार. ग्रामसभा

मॅडमचं पत्र वाचलं गेलं. चराई चालू राहावी. साखराबाईंची फिरवून चारण्याची पद्धत हाच वीस वर्षांचा आराखडा समजावा, तो त्यांच्याकडून लिहून घ्यावा. प्रयोग प्लॉटची तार काढावी. माझ्या १८२ पानांवर एक वाक्य: "कष्ट दिसतात."

विरोध नोंदवायला मी हात वर केला. एकट्यानंच. दीपमालाताई म्हणाल्या, "बरं झालं अप्पा, साखराबाईला लिहिता येत न्हाई, म्हनून लेखनिक लागतंयच. तुमी हात वर केलाच हाय." टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर.

एकमतानं! मी एक मत नाही का?

२९ डिसेंबर, सोमवार. ८.४०

थंड डोक्यानं विचार केला. लेखनिक नसेल तर आराखडा कागदावर येऊच शकत नाही. म्हणजे खरा कर्ता मीच.

७.१५ ला माळावर हजर. साखराबाई बसून सांगत नाही, मेंढरांबरोबर चालता चालता सांगते. पहिल्या पानावर ठळक अक्षरात घातलं: लेखक, सिद्धलिंग. तिनं मागं वळून बघितलं. "मी आजून तोंड उघडलं न्हाई. काय लिवून राहिलाव, अप्पा?" वाचून दाखवलं.

म्हणाली, "ते खोडा. मी सांगंल तेवढंच लिवा. आन् म्होरं म्होरं चालू नगा, मेंढरं बुजतेत."

पट्टी लावून, एका रेघेत खोडलं. मेंढरांच्या मागं चाललो.