मोडक्या शिंगाचा नर

बर्च क्रीक, मोंटाना
६ ऑक्टोबर

ती. मारितताईस,
सा. न. वि. वि.

उन्हाळाभर पत्र नाही, माफ कर. गवतकापणी, मग शाळा, अशी कारणं आहेत. पण लिहायला बसलो की हात थांबायचा.

गेल्या नोव्हेंबरात दरीपलीकडच्या एल्क हरणाच्या नरावर मी सातशे यार्डांवरून गोळी झाडली, आठवतं? डाव्या शिंगाचं टोक मोडलेला. तो हललासुद्धा नाही, सावकाश कड्यामागे गेला. अंधार पडेपर्यंत शोधलं. रक्त नाही, केस नाहीत. नेम चुकला असं धरलं. शेजारचा व्हर्जिल अजून कॉफी पिताना विचारतो, मास्तर, तुमची गोळी कॅनडात पोचली का.

तोच नर ऑगस्टपासून रोज संध्याकाळी खालच्या कुरणात येतो. चरत नाही. कूस माझ्याकडे करून नुसता उभा राहतो. कुत्री भुंकत नाही, पायरीखाली शिरते. शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. काडतुसं तूच भरतेस, म्हणून विचारतो: यंदा अजून जड, कठीण गोळी घेऊ का?

भावजींना नमस्कार. रागावली असलीस तरी उत्तर लिही.
ओरिन

ग्रेट फॉल्स
१५ ऑक्टोबर

चि. ओरिनास,
अ. उ. आ.

आधी हसले, मग हसू गेलं. सरावाच्या कागदावर सगळ्या गोळ्या एकाच भोकात बसतात म्हणून ती गोळी मीच निवडली होती. जाड कवचाची. सातशे यार्डांवर वेग मरतो आणि अशी गोळी आत फुलत नाही, सुईसारखी शिरते. जनावर दचकत नाही, रक्त आतच राहतं. नेम चुकला तर मागच्या खडकावर धूळ उडते. तुला धूळ दिसली होती का? बाबा आधी तेच विचारायचे.

आणि वेड्या, एल्कची शिंगं दर वसंतात गळतात. गेल्या वर्षी मोडलेलं टोक यंदाच्या शिंगावर कसं असेल? हा दुसरा असणार.

व्हर्जिलच्या बायकोच्या हाती मऊ टोकाची, पातळ कवचाची काडतुसं पाठवतेय. बुडाला माझं लाल नेलपॉलिश आहे, जुन्यांत मिसळू नकोस. ती मंद वेगातही फुलतात; तरी तीनशेच्या पुढे मारलीस तर कान उपटीन. आणि आधी कड्यामागे पुन्हा जाऊन ये.

आहे ती माया तशीच राहू दे.
मारित

बर्च क्रीक
२७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धूळ दिसली नव्हती.

कड्यामागे जायचं मी टाळलं. काल संध्याकाळी तो दीडशे यार्डांवर उभा होता. लाल बुडाचं काडतूस आत, बोट घोड्यावर. थंडी अशी की माझ्या श्वासाने दुर्बिणीची काच धुरकटत होती. त्याच्या तोंडापुढे वाफ नव्हती. बराच वेळ पाहिलं. मग काडतूस काढून घेतलं.

आज सकाळी व्हर्जिलला घेऊन कड्यामागे गेलो. गेल्या वर्षी मी माघारी वळलो होतो तिथून थोडं खाली, जुनिपरच्या झुडपांच्या जाळीत हाडं आहेत. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. एका फासळीला भोक, गोल, स्वच्छ, तुझ्या कागदावरच्यासारखं.

परवान्याच्या चिठ्ठीवरचा शिकारीच्या तारखेचा आकडा कापायचा आणि ती मारलेल्या जनावराच्या शिंगाला बांधायची, हे बाबांनी आपल्याला लिहाय-वाचायच्या आधी शिकवलं. गेल्या वर्षीची माझी चिठ्ठी अजून घरी कोरीच पडून आहे. व्हर्जिल म्हणाला, मास्तर, हाडांना चिठ्ठी बांधणारे तुम्ही पहिलेच. मग त्यानेच टोपी काढली आणि म्हणाला, बांधा, बांधून टाका.

यंदा मी कुणालाच मारणार नाही. तुझी काडतुसं परत पाठवतो, राग नको.

उजेड उतरतोय. कुत्री पायरीखाली गेली आहे. मी अजून खिडकीकडे पाहिलेलं नाही.

आठवणीत ठेव.
ओरिन

ता. क. उद्याचं काम: गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख कापून ती शिंगाला बांधणे.