पलीकडची खाट

प्रिय चिमणे,

लाकडी पट्टीचा तो टक-टक आवाज अजून कानात आहे. मी कविता म्हणायचो आणि तू माझ्या टेबलावर पट्टीनं ठेका धरायचीस. जन्मभर शाळेत कविता शिकवल्या, पण तुझ्याइतका खडूस श्रोता मला मिळाला नाही. चालीत मी जरा अडखळलो की तुझी पट्टी हवेतच थांबायची, भुवया वर जायच्या, आणि मी मुकाट्यानं पुन्हा पहिल्या ओळीवर. तेव्हा तुझी आई होती; आतून म्हणायची, या बापलेकीला दुसरा उद्योग नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आता तुमच्याकडे कोण बघणार?" मी "नंतर सांगतो" म्हणून फोन ठेवला. बायपासचे टाके अजून ओढतात, बोलताना आवाज कापतो. तुला वाटलं असतं, म्हातारा रडतोय. म्हणून लिहितो आहे.

तुमच्या अतिदक्षता विभागाचा तो नियम आधी मला भारी जाचला. घरच्या पेशंटला घरच्या सिस्टरनं बघायचं नाही. लेक डोळ्यांसमोर, आणि मला घोटभर पाणी पाजणार दुसरीच! तुझ्या वाट्याला आली पलीकडची खाट, बेकरीवाल्याची. मी मनातून धुमसत होतो. पण त्यामुळंच तुझं काम मला डोळे भरून पाहता आलं.

त्या दुपारी, ऑपरेशननंतर त्याच्या छातीत बसवलेल्या नळीतून बाटलीत पडणारं रक्त एकदम थांबलं. सकाळपासून त्या बाटलीला डोळे लावून बसलेला त्याचा भाऊ खूश झाला. सुटलो एकदाचे, म्हणाला. मीही मान डोलावली. दोघे शहाणे! तू मात्र बाटलीकडे पाहिलंस आणि तुझ्या भुवया तश्शाच वर गेल्या. त्याच्या मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्यास, पडद्यावर घसरणारा रक्तदाब पाहिलास. आवाज जराही न चढवता म्हणालीस, "रक्त थांबलेलं नाही, आत हृदयाभोवती साठतंय. सर्जनना बोलवा, आत्ता." मग धावपळ झाली, त्याची छाती पुन्हा उघडावी लागली, आणि गेलेला माणूस परत आला. त्या सगळ्या वेळात तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. चिमणे, इतका अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता.

कामाची पाळी संपल्यावर तू लेक होऊन आलीस. टाके ताणू नयेत म्हणून माझ्या छातीशी उशी दाबून म्हणालीस, "धरा घट्ट आणि खोका. कविता म्हणताना कुठे लाजत होतात?" अख्खा वॉर्ड हसला. मी खोकलो, अगदी चालीवर.

आता मुद्द्याचं. तू राजीनामा लिहून ठेवलायस, हे तुमच्या मोठ्या सिस्टरांनी मला सांगितलं. माझ्यासाठी तो देऊ नकोस. चहा मला करता येतो, गोळ्या तू डबीत लावून ठेवल्याच आहेस. माझ्याकडे बघायला कुणीतरी मिळेल गं. पण थांबलेल्या बाटलीकडे तुझ्यासारखं बघणारं कुठून आणायचं?

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. उघडतो तर साक्षात बेकरीवाला! जिना स्वतःच्या पायांनी चढून आलेला, एका हातानं उशी छातीशी धरलेली, दुसऱ्या हातात गरम पावाची पुडी. धाप आवरत म्हणाला, "मास्तर, तपासणीला गेलो तेव्हा मोठ्या सिस्टरांकडून राजीनाम्याचं कळलं. रोज सकाळी मी येतोय. सिस्टरना सांगा, कामावर जा."

तुझाच,
बाबा