तुझं कपाट सुखरूप आहे

ती. मावशीस,

वाकून नमस्कार (बसल्या जागी वाकता येतं तेवढाच, गोड मानून घे). गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? तुझं कपाट सुखरूप आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. मी नुसतं ‘हो’ आणि ‘बरं’ पाठवते अशी तुझी कायमची तक्रार, तर घे, आज मेलवर चांगलं ऐसपैस पत्र.

आमच्या अभ्यासक्रमाचं नाव ‘व्यावसायिक संवादासाठी बहुमाध्यमी लेखन आणि रचना’. बाबा लोकांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ सांगून सुटका करून घेतात, आई ‘चित्रं काढते’ म्हणते. पूर्ण नाव एका दमात घेणारी अख्ख्या खानदानात तू एकटी (त्यापुढे काय विचारायचं हे मात्र तुलाही सुचत नाही). नावात लेखन आहे म्हणून मी भोळी लिहायला शिकायला आले. दोन वर्षांत शिकवलं काय, तर खोडायला! आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे ‘कात्री’ म्हणतो. त्यांच्या मते वाक्य लिहावं लागणं म्हणजे चित्र जमलं नसल्याची कबुली. हे एवढं सांगायला त्यांनी स्वतः चारशे पानांचं पुस्तक लिहिलंय, आणि ते आम्हाला सक्तीचं आहे. त्यात चित्र एकही नाही.

शेवटची परीक्षा अशी, की कुठल्याही वस्तूचं सूचनापत्रक करायचं आणि बाहेरच्या परीक्षकांनी फक्त ते बघून ती वस्तू जोडायची. यात नापास झाले की वर्ष गेलं. मग बाबांनी त्यांच्या दातांच्या डॉक्टर मित्राकडे माझी खुर्ची बघूनच ठेवलीय. दिवसभर ‘बसा, डॉक्टर येतीलच’ म्हणायचं. मावशी, मला ते नकोय गं. कात्रीला कितीही शिव्या घातल्या तरी मला हे काम मनापासून आवडतं. म्हणून तर तुझं नवंकोरं, खोक्यातलं कपाट ‘जोडूनच आणून देते’ म्हणत घेऊन आले.

पत्रकात मी लिहिलं होतं, ‘कपाटाबाहेर उभे राहून दारे बसवा’. कात्रीने आधी ‘बाहेर उभे राहून’ उडवलं (आत उभं राहून कपाट कोण जोडतं, म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला, मीसुद्धा). मग उरलेलं वाक्यही गेलं. राहिलं फक्त चित्र: कपाट, आणि शेजारी पाना घेतलेला एक छोटा हसरा माणूस. सरांनी त्याच्यावर बोट ठेवलं. याने मोकळी जागा खाल्ली, म्हणाले. आमच्याकडे मोकळ्या जागेला धक्का लावायचा नसतो, माणसाला लावला तरी चालतो. मी तो माणूस उचलला आणि कपाटात ठेवला. इतका छान दिसला म्हणून सांगू! दोन वर्षांत पहिल्यांदा कात्रीच्या तोंडून ‘वा’ बाहेर पडलं.

आता परीक्षेचा नियम. जोडणाऱ्याशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, वस्तूला हात लावायचा नाही. बघायचं आणि टिपायचं, बस्स. तोंड उघडलं की नापास. फोन दाराशीच जमा, परीक्षकांचासुद्धा. परीक्षक म्हणजे मोठे सज्जन गृहस्थ, चांगले भरदार. त्यांनी पत्रक पाहिलं, त्यातला माणूस पाहिला, पाना उचलला आणि कपाटात शिरले. बिजागऱ्या कशा सुरेख बसवल्या, आतून! मग नीट बसलं का बघायला दार ओढून घेतलं. तुझी मांजर कपाटं उघडते म्हणून तू मुद्दाम आपोआप पडणारी कडी घेतलीस ना? ती पडली. बाहेरून.

कोणी हललं नाही. सगळा विभाग खाली मान घालून टिपत होता. कात्रीच्या वहीत मी डोकावले, ‘वापरणारा वस्तूशी एकरूप झाला आहे’ असं लिहिलं होतं. आतून ‘अहो, कोणी आहे का?’ असा आवाज आला, तेव्हा त्यांनी तेही टिपलं.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार सांग.

तुझी लाडकी (असेन, तर) भाची

ता.क. पुढे काय झालं विचारशील, तर पुढे अजून काहीच झालेलं नाही. ते आतच आहेत. वर जाळी आहे, हवेचा प्रश्न नाही. सगळ्यांना वाटतंय मी लॅपटॉपवर निरीक्षणं लिहितेय. मावशी, तू ना विद्यार्थी, ना शिक्षक. कपाट तुझं, कडी तुझी. तुझं घर कॉलेजच्या मागच्या फाटकाला लागूनच आहे. असशील तशी ये आणि ती कडी उचल!

ता.क. २. आत्ताच दाराच्या फटीतून एक कागद बाहेर आला. ‘नापास. सही बाहेर आल्यावर करीन.’ नियमाप्रमाणे सही होईपर्यंत पत्रक बदलून देता येतं. मी त्या छोट्या माणसाला बाहेर काढायला घेतलंय, शेजारी ते वाक्यही लिहितेय, कात्री काय म्हणायचं ते म्हणो. तेव्हा गुडघ्याला जप, चहाबिहा घे, काकांशी दोन शब्द बोल. मुळीच धावत येऊ नकोस.